कारण न सांगता

नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मोडणारी त्याहून जास्त. पण नियमाच्या चक्क प्रेमात पडलेलं माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच निपजलं असणार, आणि ते दर रविवारी माझ्या बाकावर, माझ्या डाव्या हाताला, मांडीवर हेल्मेट घेऊन बसायचं. बदलापूरजवळच्या चामटोली गावच्या काकी. वय छप्पन्न, अंगावर पातळ सुती साडी, पायात पोराचे जुने बूट आणि डोळ्यांत दहावीच्या निकालाच्या दिवशी असते तसली झळाळी, ती मात्र बारा महिने. मी अंबरनाथला रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, राहते बदलापुरात, आणि एम.ए.चे तास उल्हासनगरच्या एका कॉलेजात रविवारी असत. काकी मला बदलापूरच्या नाक्यावर स्कूटरवर उचलायच्या आणि मोरिवलीच्या कारखान्यांवरून, अंबरनाथमधून, उल्हासनगरच्या बाजारातल्या हातगाड्या चुकवत थेट कॉलेजच्या फाटकात आणून सोडायच्या. वाटेत त्या बोलत नसत. बोलल्यावर हँडलवरचे दोन्ही हात सुटतात, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं.

पहिल्या सत्रात आम्हाला 'शैक्षणिक लेखन' नावाचा एक विषय सक्तीचा होता. त्यात नापास झालं की दुसऱ्या सत्राचं दार बंद. शिकवायला एक तरुण सर होते, काटेकोर, कमी बोलणारे, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी त्यांनी आठ पानांचा एक कागद वाटला: विषयाच्या आवश्यकता आणि गुणदानाची पद्धत. हजेरीला दहा, पहिल्या खर्ड्याला पंधरा, वर्गातल्या दुसऱ्याचा निबंध तपासण्याला पंधरा, अंतिम निबंधाला साठ. त्या साठांत मांडणीचे पंधरा, पुराव्यांचे पंचवीस, संदर्भांचे दहा आणि संशोधन-नीतीचे दहा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, अंतिम निबंधात किमान चोवीस मिळाल्याशिवाय बाकीचे गुण धरले जाणार नाहीत. वर्गात एक सुस्कारा फिरला. आम्ही सगळ्यांनी कागद घडी करून पर्सेत नाहीतर खिशात कोंबला. काकींनी मात्र तो लग्नपत्रिकेसारखा दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, छप्पन्न वर्सांत पयल्यांदा मना कुनी आधी सांगला, का तुज्याकडून काय पायजे आनि ते केलास तं तुला काय देनार."

पुढच्या रविवारी तो कागद लॅमिनेट होऊन आला. त्याची दुसरी प्रत चामटोलीच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी लागली होती, हे मला नंतर कळलं. सरांना त्यांनी पहिल्या महिन्यात जितके प्रश्न विचारले तितके सरांना त्यांच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत कुणी विचारले नसतील. उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच गुण कापणार म्हणजे कुठून कापणार, मिळायच्या आधी की मिळाल्यावर? आजारपणाचा दाखला चालेल, पण म्हैस व्यायली तर गुरांच्या डॉक्टरचा चालेल का? पहिला खर्डा त्यांनी मुदतीच्या चार दिवस आधी नेऊन दिला आणि उशिराला पाच कापता तर लवकरला पाच वाढवा, अशी रीतसर मागणी लेखी केली. सरांनी आठवडाभर विचार केला. मग त्यांनी वर्गात उभं राहून सांगितलं की मागणी तर्काला धरून आहे, पण कागदात नाही. काकींना नकाराचं दुःख झालं नाही. "कागदान नाय म्हंजे नाय," असं त्या मला अभिमानाने म्हणाल्या, जणू कागद त्यांच्याच घरातला कर्ता पुरुष होता.

त्या टाइप करत नसत, मोबाइलला सांगत. मोबाइलला आमच्याकडची बोली कळत नसल्यामुळे 'भाताचं खाचर' असं त्या म्हणाल्या की पडद्यावर 'भाताचं खच्चर' उमटायचं. पहिल्या खर्ड्यात अशी अकरा खच्चरं सुटली होती आणि सरांनी समासात लिहिलं होतं, 'हे जनावर कोणाचे? स्पष्ट करावे.' मग काकी शाळेची फूटपट्टी घेऊन कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागल्या. दुकानदार सिंधी, साठीचे, जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'साईं' म्हणणारे. डावा समास दीड इंच हवा होता. त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं की अम्मा, डेढ़ इंच ही है. काकींनी पट्टी लावून सव्वा दाखवला. असं तीनदा झाल्यावर त्या भल्या माणसाने आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उभं राहून कॉम्प्युटर चालवला. महिन्याभरात कॉलेजची इतर मुलंही तिथे येऊन विचारायला लागली की काकींचा समास कोणता, तोच द्या.

पण खरा हलकल्लोळ झाला तो संदर्भांचा तास झाल्यावर. कुणीही काही म्हटलं की ते कोण म्हणालं, कुठे म्हणालं आणि कोणत्या पानावर, हे विचारण्याचा माणसाला हक्क आहे, हे समजल्यावर काकींना जे झालं त्याला मी उन्मादच म्हणेन. रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता बंद आहे. काकींनी त्याला विचारलं की हे स्वतः पाहिलंस की ऐकीव आहे. गावात एका हळदीला त्यांचे चुलतदीर सांगत होते की माझ्या हळदीला अख्खा तालुका जेवून गेला, तर काकी भर मांडवात म्हणाल्या की हा दावा झाला, पुरावा कुठाय. दिरांनी जेवणाऱ्यांत हयात असलेल्या दोघांना बोलावून आणलं. त्यातला एक म्हणाला, मी जेवलो नव्हतो, तवा मना अजीर्न झाला होता. तेव्हापासून चामटोलीत 'असं म्हणतात' म्हणायचं माणसांनी सोडून दिलं. निदान काकी आसपास नाहीत ना, एवढं बघून मगच म्हणत.

माझ्या वाट्याला त्या आल्या ते परीक्षक म्हणून. दुसऱ्याचा निबंध तपासायचा आणि तपासणीलाच गुण, असा तो प्रकार. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझा निबंध काकींकडे गेला. मी बदलापूरच्या वाढत्या वस्तीवर अठरा पानं लिहिली होती. इकडून एक परिच्छेद, तिकडून दोन व्याख्या, मधे एक तक्ता. मला वाटलं, मैत्रीण आहे, बाकावरची आहे, पंधरापैकी बारा कुठे गेले नाहीत. काकींनी सहा दिले. खाली स्वच्छ प्रमाण मराठीत शेरा होता: 'लेखिकेने अकराव्या पानापर्यंत तोंड उघडलेले नाही. ती बदलापुरात राहते हे मला ठाऊक आहे, निबंधावरून ते कळत नाही.' मी त्या रविवारी स्कूटरवर बसले नाही, रिक्षाने घरी गेले. दोन दिवस रागात घालवले आणि तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभं राहून समोरच्या सात इमारती मोजल्या, त्यांत कुणाकडे पाणी कधी येतं ते विचारत हिंडले, आणि निबंध पहिल्यापासून लिहिला. त्यानंतर आजतागायत मी दुसऱ्याच्या तोंडाने एक ओळ लिहिलेली नाही. काकींना मी हे कधी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी पुरावा मागितला असता.

आता त्यांच्या स्वतःच्या निबंधाकडे येते. आमच्या भागात भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो तो सरकारचा. माणसं आपसांत नावाने बोलत. कुठल्या झाडावरून पडलेलं नाव, कुठल्या भांडणावरून, कुठल्या सुनेवरून. काकींच्या घराची जमीन काही वर्षांपूर्वी बिल्डरकडे गेली, तिथे इमारती उठू लागल्या, आणि नावं राहिली ती एकाच माणसाजवळ: काकींच्या सासूबाई. सगळं घर त्यांना आय म्हणे. वय ऐंशीच्या पुढे, पाठीचा काटकोन, दात दोन आणि स्मरणशक्ती अशी की साठ वर्षांपूर्वी कोणत्या खाचरात कोण कोणाला काय बोललं ते शिवीसकट पाठ. काकींनी विषय घेतला, 'चामटोली परिसरातील शेतांची नावे'. सर पहिल्यांदा खुर्चीवरून पुढे झुकले आणि म्हणाले की हे कुणी केलेलं नाही. काकी त्या दिवशी स्कूटर चालवताना बोलल्या. मी डोळे मिटून घेतले होते.

आवश्यकतांच्या सातव्या पानावर होतं की जिवंत माणसाकडून माहिती घ्यायची तर त्याची लेखी संमती हवी आणि संमतिपत्र त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवं. आयला वाचता येत नव्हतं. मी साक्षीदार म्हणून गेले होते. ओटीवर आय बसलेली, समोर काकी मांडी घालून, हातात कागद. तुमचं नाव छापलं जाईल, तुम्ही सांगाल तेवढंच लिहिलं जाईल, वगैरे वाचून होईतो आय सुपारी कातरत होती. मग आलं, 'आपण कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, आपली माहिती मागे घेऊ शकता.' आयचा अडकित्ता थांबला. तिने ते परत वाचायला सांगितलं. काकींनी वाचलं. आयने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं आणि मग विचारलं, "कारन नाय सांगायचा? कुनाला पन?"

"नाय," काकी म्हणाल्या. "मना पन नाय."

आयने अंगठा उमटवला. मला वाटतं, त्या कागदावर तिने अंगठा दिला तो त्या एका ओळीला. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेली बाई. लग्नाला, बाळंतपणांना, जमीन विकायला, कशालाच तिला 'नको' म्हणायची सोय नव्हती, कारण सांगूनसुद्धा नव्हती.

मग तो हक्क वापरायला सुरुवात झाली. सुकटीच्या कालवणात आंबट कमी पडलं, आयने माहिती मागे घेतली. संध्याकाळी परत दिली. टीव्हीचा आवाज कमी केला, मागे घेतली. काकींनी दर खेपेला वहीत तारीख-वार टाकून नोंद केली, 'माहिती मागे', आणि परत मिळाली की नव्याने अंगठा. सतरा वेळा अंगठे झाले. काका, म्हणजे काकींचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ, शाईचा डबा कायम खिशात बाळगून असत. पण या सगळ्यात नावं येत गेली. दोनशे पानांची वही भरली. काकी मला फोन करून सांगायच्या की आज तीन मिळाली, आज पाच; नावं मात्र फोनवर सांगायच्या नाहीत, छापून येईपर्यंत. त्यांच्या आवाजात असा काही आनंद असायचा की मीसुद्धा प्रयोगशाळेत रंगाचे नमुने ढवळता ढवळता उगाच हसत बसायची.

मुदतीला तीन दिवस उरले असताना आयने माहिती मागे घेतली आणि संध्याकाळी परत दिली नाही. कालवण चांगलं होतं, टीव्ही चालू होता. दुसऱ्या दिवशीही दिली नाही. काकींनी विचारलं एवढंच की सगळी का थोडी. आय म्हणाली, सगळी. आणि वही मागितली. काकींनी वही दिली. दुसऱ्या सकाळी आयने ती चुलीत घातली आणि आंघोळीचं पाणी तापवलं. हे मला काकींनी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाल्या की पाणी चांगलं तापलं होतं.

मी तडक सुट्टी टाकून चामटोली गाठली. मी त्यांना जे जे सांगितलं त्याची आज मला लाज वाटते, पण तेव्हा मला ते शहाणपण वाटत होतं. सांगितलं की नावं तुम्हाला पाठ आहेत, बसू, लिहून काढू. सरांना कळणार नाही. आयला वाचता येत नाही, तिला कोण सांगायला जातंय? चोवीस गुण मिळाले नाहीत तर वर्ष जाईल, काकी. काका दारात उभे होते, तेही हळूच म्हणाले की म्हातारीचं काय, उद्या विसरेल. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तिला वाचता येत नाय ना," त्या म्हणाल्या, "म्हनून तं मी वाचून दाखवला. ते खोटा वाचला काय मी?"

मग मी म्हटलं की निदान का मागे घेतली ते तरी विचारा. काकींनी माझ्याकडे असं बघितलं की सहा गुण देतानाही तसं बघितलं नसेल. कारण विचारायचं नाही, हेच तर लिहिलं होतं.

निबंध मुदतीत दिला गेला. समास दीड इंच. प्रस्तावना होती, पद्धत होती, संमती कशी घेतली आणि किती वेळा घेतली ते होतं. मग 'शेतांची नावे' असं शीर्षक आणि त्याखाली एकच वाक्य: 'या विभागातील सर्व माहिती माहिती देणाऱ्या व्यक्तीने मागे घेतली आहे.' त्याखाली सहा पानं कोरी. मी विचारलं, कोरी पानं कशाला जोडली? तर म्हणाल्या, तिथे होती तेवढीच जागा ठेवली आहे, कमी नाही, जास्त नाही.

निकालाच्या रविवारी मी काकींच्या आधी फलकापाशी धावले. मला साठांत पंचेचाळीस होते, त्याकडे मी नंतर बघितलं. काकींना सव्वीस. पास. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये मिठी मारली. हेल्मेट मधे आल्यामुळे माझ्या बरगडीत अजून कळ येते. पण काकी खुश नव्हत्या, संशयात होत्या. त्यांना वाटलं, सरांनी दया दाखवली. त्या तशाच सरांच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी फेरतपासणी मागितली. विद्यापीठाच्या इतिहासात गुण कमी करून मिळावेत म्हणून आलेला तो पहिलाच अर्ज असावा. सरांनी गुणांचा तक्ता समोर ठेवला. पुरावे शून्य, संदर्भ पाच, मांडणी अकरा, संशोधन-नीती दहा. पुराव्यांचं शून्य काकींना पटलं, त्यांनी मान डोलावली. मांडणीला अकरा कशाला, हे त्यांना पटेना. सर म्हणाले, काय होतं, ते का नाही आणि किती नाही, हे सगळं जिथे हवं तिथे होतं.

"आनि हे धा?" काकींनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "तिथे मी सगळ्यांना सरसकट आठ देतो, काकी. खरं सांगायचं तर तो रकाना मी कधी वाचलाच नव्हता."

सर काकींना 'काकी' म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. काकींनी लगेच विचारलं की मग बाकीच्यांचे आठ कशाच्या आधारावर, आणि सर जे अडचणीत आले ते दुसऱ्या सत्रात नवा कागद निघेपर्यंत. नवा कागद बारा पानांचा होता. त्यातली अडीच पानं काकींच्या प्रश्नांची आहेत असं माझं मत आहे. पुरावा नाही.

पंधरा दिवसांनी आय आपण होऊन म्हणाली, चला, दाखवते. मलाही यायला सांगितलं. अट एकच, पेन नको, मोबाइल नको. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी तिच्या मागून निघालो. विकलेल्या जमिनीवरच्या बांधकामाच्या फाटकाशी वॉचमनने अडवलं, किससे मिलना है. आय त्याच्याकडे न बघता काठी टेकत आत गेली. सिमेंटच्या गोण्यांपाशी थांबली, एक नाव म्हणाली. लिफ्टच्या खड्ड्यापाशी थांबली, एक म्हणाली. पाण्याच्या टाकीपाशी एक, तिथे ती हसली, का ते सांगितलं नाही. दुपार होईपर्यंत आम्ही त्या सगळ्या इमारतींमधून अशा फिरत होतो, आणि काकी प्रत्येक ठिकाणी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणत होत्या. शेवटी आय एका पार्किंगमध्ये गाडीला टेकून बसली. घामाघूम झाली होती आणि इतकी आनंदात होती की काकींनी तिला पाठीवर घेतलं तर ती पाठीवरूनही काठीने दिशा दाखवत होती.

आय गेली त्याला आता वर्ष होत आलं. काकी एम.ए.च्या शेवटच्या सत्रात आहेत आणि प्रबंधाचा विषय म्हणून त्यांनी घेतलंय दुसरंच काही. दिवस वगैरे झाल्यावर मी एकदा भीत भीत म्हटलं होतं की काकी, आता ती नावं लिहायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, "संमती परत द्यायला ती हाय कुटं?"

रविवारी आम्ही अजून एकाच स्कूटरवरून जातो. कधी कधी काकींना घरी काही विसरलेलं आठवतं आणि मग आम्ही चामटोलीकडून, त्या इमारतींच्या कडेने येतो. कंपाऊंडची भिंत लागली की काकी वेग कमी करतात. काही बोलत नाहीत, हात हँडलवर असतात; पण भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठरावीक अंतराने, हेल्मेटच्या आतून एकेक शब्द येतो. वारा असला की त्यातले तीन-चार मला मागे ऐकू येतात. ते मला आता पाठ झाले आहेत. इथे ते लिहिता येणार नाहीत.